डेडलाईनच्या नावानं चांगभलं!

प्रशांत महासागरात बेकर आणि हाउलंड नावाची दोन बेटं आहेत. तिथे माणूस राहत नाही, मेस नाही, वायफाय नाही. पण पृथ्वीवर तारीख सगळ्यात शेवटी बदलते ती या बेटांच्या वेळेनुसार. संशोधन परिषदांच्या मुदतीपुढे 'एनीव्हेअर ऑन अर्थ' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच. जगात कुठेतरी ती तारीख शिल्लक असेल तोवर तुमची मुदतही शिल्लक. त्यांच्याकडे रात्रीचे 11.59 होतात तेव्हा आपल्याकडे दुसरा दिवस उजाडून, डोक्यावर येऊन, कलून संध्याकाळचे 5 वाजून 29 मिनिटं झालेली असतात.

गेल्या मे महिन्यात हे 5.29 आमच्या रूमवर चौघांनी बसून पाहिलं. पेपर तयार होता. अपलोडचं बटण समोर होतं. 5.30 झाले आणि बटण गेलं. आम्ही ते दाबलं नव्हतं. त्यानंतर दोन दिवस आमच्यातले दोघं उरलेल्या दोघांशी बोलत नव्हते. हॉस्टेलभर मात्र बातमी अशी पसरली की 'यांची डेडलाईन हुकली'. गेले काही महिने मीही सगळ्यांना तेच सांगत होतो. "अरे, ऑक्टोबरच्या कॉन्फरन्सला मे महिन्यात पेपर मागतात, शक्य आहे का?" असं म्हटलं की समोरचा मान डोलावतो, विषय संपतो. आता बीई संपलं आहे, तेव्हा जरा खरं लिहावं म्हणतो.

आधी प्रोजेक्टबद्दल. विषय होता ऊसतोड कामगारांसाठी दंडावर बांधायचा पट्टा. नाडीचे ठोके, त्वचेचं तापमान आणि हालचाल मोजायची, आणि उन्हाचा ताण वाढायला लागला की सूचना द्यायची. नाव मोठं, खर्च बेताचा. अंगावर घालायच्या अशा संगणकांसाठी जगातली मुख्य परिषद म्हणजे इंटरनॅशनल सिम्पोझियम ऑन वेअरेबल कॉम्प्युटर्स, थोडक्यात आयएसडब्ल्यूसी. ती पहिल्यांदा भरली 1997 च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला. 2013 पासून ती युबिकॉम्प या मोठ्या परिषदेबरोबर भरते. 2023 ला मेक्सिकोतलं कॅनकून, 2024 ला मेलबर्न, 2025 ला फिनलंडमधलं एस्पो. परिषद सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला आणि पेपरची मुदत साधारण त्याआधी चार-सहा महिने, म्हणजे नेमकी आपल्याकडे ओरल्स आणि टर्मवर्कच्या सह्या चालू असतात तेव्हा!

या परिषदेतला माझा आवडता पेपर 1998 चा, पिट्सबर्गचा आहे. लेखक एडवर्ड थॉर्प. त्यांनी आणि क्लॉड शॅनन यांनी (हो, कम्युनिकेशन थिअरीच्या पेपरला आपल्याला छळणारे तेच शॅनन) 1961 साली रूलेटचा चेंडू कुठे पडेल याचा अंदाज देणारं यंत्र बनवलं होतं. सिगारेटच्या पाकिटाएवढं, 12 ट्रान्झिस्टरचं. बुटातल्या खटक्यावर अंगठा दाबायचा, उत्तर कानात सुरांच्या रूपात यायचं. लास व्हेगासला जाऊन त्यांनी ते वापरूनही पाहिलं. अडचण काय आली? कानापर्यंत जाणारी केसासारखी बारीक वायर सारखी तुटायची. हे वाचल्यावर आमच्या सोल्डरबहाद्दराने टेबलावर हात आपटून "बघा!" म्हटलं होतं. पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. यंत्र 1961 चं आणि ते कसं बनवलं याचा या परिषदेतला पेपर 1998 चा. मध्ये 37 वर्षं. थॉर्पना काही बीईची डिग्री अडली नव्हती म्हणा!

आपली डिग्री अडते. म्हणून आपण डेडलाईनवर चिडतो. पण मुदत इतकी आधी का, हे एकदा शांतपणे मांडून बघा. पेपर आला की तो त्या विषयातल्या अनेकांकडे वाचायला जातो. ही मंडळी आपापली नोकरी सांभाळून, फुकट वाचतात. मग त्यांचं आपसात बोलणं, निर्णय, मान्य झालेल्या पेपरात सुधारणा, अंतिम प्रत, छपाई. त्यानंतर उरतात ते दोन-तीन महिने, आणि ते कुणाच्या उपयोगाचे? बोस्टनच्या पोराला काय, तो तिकीट काढून आठवड्यात निघेल. पासपोर्टसाठी पोलिस व्हेरिफिकेशनची वाट बघणारे आपण. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण हातात निमंत्रण नसेल तर तो करणार कशावर? प्रवासखर्चासाठी कॉलेजकडे, एखाद्या ट्रस्टकडे अर्ज करायचा तर त्यांच्या मीटिंगा कधी होतात ते आपल्याला माहीत आहेच. परिषदेच्या तीन आठवडे आधी निकाल लागला असता तर आपल्यापैकी एकही जण विमानात बसला नसता. लवकरच्या मुदतीचा सगळ्यात जास्त फायदा लांबून येणाऱ्याला होतो, आणि आपण लांबचेच.

एक तक्रार मात्र खरी आहे, ती मी मान्य करतो. आपला ग्रुप मे-जूनला फुटतो. ऑक्टोबरमध्ये एक पुण्यात, एक बंगळुरात, एक घरी जॉइनिंग लेटरची वाट बघत. पेपर मान्य झाला तरी मांडायला जाणार कोण, आणि नव्या कंपनीत पहिल्याच तिमाहीत आठवड्याची रजा मागणार कशी? याला परिषदवाल्यांकडे उत्तर नाही. पण बाकी बाबतीत तेही हटून बसलेले नाहीत. 2017 पासून युबिकॉम्पचे मोठे पेपर एका नियतकालिकातून जातात. त्याला वर्षातून अनेकदा पेपर पाठवता येतो आणि सुधारून परत पाठवायची संधीही मिळते. पोस्टर आणि डेमोच्या मुदती मुख्य पेपरनंतरच्या असतात. म्हणजे एक गाडी चुकली तर मागून पॅसेंजर आहे. ज्याला जायचंच आहे त्याला 'मुदत लवकर होती' हे कारण फार दिवस पुरत नाही.

मग आमचं अडलं कुठे? विषय ऑगस्टमध्ये ठरला. सिनॉप्सिस सप्टेंबरात. सेन्सर मागवायला तीन कोटेशन लागतात, त्यातलं तिसरं दिवाळीनंतर मिळालं. मग परीक्षा. सामान हातात आलं जानेवारीत. पहिला पट्टा मनगटासाठी केला होता. कोयता चालवायला लागलं की मनगट इतकं हलतं की प्रकाशाने नाडी मोजणाऱ्या सेन्सरला ठोका कुठला आणि हिसका कुठला हेच कळत नाही. कागदावर हे सगळ्यांना पाठ असतं. आम्हाला ते कळलं कॉलेजच्या मागच्या बांधावर गवत कापून. मग पट्टा दंडावर नेला, बक्कल बदललं, घामाने सर्किट मेलं, प्लास्टिकचं आवरण केलं. नीट चालायला लागला तेव्हा मार्चचा पहिला आठवडा संपत आला होता.

आणि ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्चच्या सुमाराला आवरायला लागतो. त्याला एक्स्टेन्शन नाही. सरांनी ओळख काढून दिली आणि आम्ही एका फडावर पोचलो तेव्हा अर्ध्या कोप्या मोडून टोळ्या बीडकडे परतायला लागल्या होत्या. जी टोळी राहिली होती तिच्यातल्या एका मावशींना आम्ही पट्टा दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "लेकरा, ह्यो बांधला की मी कवा बसले, कवा उठले, ते मुकादमाला कळंल का?"

आम्ही चौघं एकमेकांकडे बघायला लागलो. कळलं असतं. आमच्या पट्ट्यात हालचाल मोजणारा सेन्सर होता, तो त्यासाठीच होता. काम चालू आहे की विश्रांती, हे ओळखणं हे तर आमच्या सिनॉप्सिसमधलं 'ऑब्जेक्टिव्ह नंबर दोन'! मुकादमाकडून उचल घेतलेल्या बाईसाठी या माहितीचा अर्थ काय होतो, हा प्रश्न आठ महिन्यांत आमच्या डोक्यात आला नव्हता, आणि एकाही रिव्ह्यूमध्ये आम्हाला कुणी विचारला नव्हता. "तसं काही नाही मावशी," असं मी म्हणालो. ते मी खोटं बोललो. त्यांनी पट्टा परत दिला आणि मोळी बांधायला गेल्या.

एप्रिलमध्ये आम्ही तोच पट्टा हॉस्टेलवरच्या मुलांना बांधला. जिने चढवले, गच्चीवर उन्हात पळवलं, काठ्या घेऊन ऊस तोडल्याचं नाटक करायला लावलं. (सहकार्याबद्दल बी विंगचे आभार. दिलेल्या वडापावचा हिशेब अजून लागलेला नाही.) आकडा नव्वदीच्या घरात आला. मग एकाने तपासणीची पद्धत बदलली. एका माणसाचा डेटा पूर्ण बाजूला ठेवायचा, बाकीच्यांवर शिकवायचं आणि त्या न पाहिलेल्या माणसावर तपासायचं. वेअरेबलमध्ये खरा कस याचाच लागतो, कारण उद्या पट्टा घालणारा माणूस नवीनच असणार. आकडा धाडकन साठीत आला. हॉस्टेलच्या मुलांवर साठ, तर चाळिशीच्या, उपाशीपोटी पहाटे फडात उतरणाऱ्या बाईवर किती?

5.29 ला बटण न दाबण्याचं कारण हे होतं. पेपरच्या शीर्षकात 'ऊसतोड कामगारांसाठी' असं होतं आणि आतमध्ये एकही ऊसतोड कामगार नव्हता. टाकायचाच असं म्हणणारा मी होतो, हेही लिहून टाकतो. नको म्हणणाऱ्याने एवढंच विचारलं की, मावशी पेपर वाचणार नाहीत म्हणून चालतं का? मला त्याचा राग आला होता. अजूनही थोडा आहे.

माझं म्हणणं असं आहे की, वेअरेबलच्या प्रोजेक्टला मुदत दोनदा असते. एक परिषदेची आणि एक ज्यांच्या अंगावर ते घालायचं त्यांची. परिषदेची निदान आधी जाहीर होते. दुसरी कुठेच लिहिलेली नसते. ती हंगामात असते, सणात असते, माणसाचा विश्वास बसायला लागणाऱ्या दिवसांत असते. थॅड स्टार्नर हे या क्षेत्रातलं मोठं नाव. ते 1993 पासून स्वतःच्या डोळ्यासमोर पडदा लावून वावरत आले आहेत. सेमिस्टरच्या मापात बसणारं हे काम नव्हेच. आणि माणसांवर करायच्या अभ्यासाबद्दल संगणकवाल्यांच्या एसीएम या संस्थेने 2021 मध्ये लेखी धोरण केलं आहे. आमच्या फाइलमध्ये संमतीपत्र होतं, इंग्रजीतून, नेटवरून उतरवलेलं. फडावर ते बाहेर काढायची आम्हालाच लाज वाटली.

तेव्हा सर्व स्टाफला नम्र विनंती अशी की, अंगावर घालायच्या यंत्रांचे विषय थर्ड इयरच्या दुसऱ्या सेममध्येच ठरवू द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत, यंत्र नसताना, नुसतं त्या लोकांना भेटून यायला सांगा. कोटेशनं जूनमध्ये मागवा. दिवाळीला पट्टा तयार, हंगामात चार वेळा फडावर, मार्चमध्ये लिहायला बसायचं, मग मे महिना अजिबात लवकर वाटत नाही. आणि कृपा करून, मुदत चुकली की 'दुसरीकडे टाका' असं म्हणू नका. त्या 'दुसरीकडे'ची मुदत तीन वेळा वाढते, पेपर 48 तासांत मान्य होतो आणि निर्णयाबरोबर फीचा आकडा येतो. सर्टिफिकेट झकास असतं. आमच्या बॅचच्या निम्म्या फाइलींमध्ये ते आहे, आमच्याही आहे. जूनमध्ये तोच पेपर, शीर्षकातले 'ऊसतोड कामगार' काढून, आम्ही तिकडे पाठवला. ती दोन दिवसांची अबोल्याची भानगड मिटली ती या तडजोडीवर. मला त्याचा अभिमान नाही.

ज्युनिअर मंडळींपैकी कुणी हा विषय पुढे नेणार असेल तर तीन पट्टे लॅबमधल्या डावीकडच्या कपाटात, खालच्या खणात आहेत. एकाचं बक्कल सैल आहे. हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचा डेटा पट्ट्यातच मिटवता येईल का आणि बाहेर फक्त 'सावलीत बसा' एवढंच सांगता येईल का, यावर आम्ही थोडं काम सुरू केलं होतं, त्याच्या वह्या तिथेच आहेत. मुकादमांचा नंबर सरांकडे मिळेल, पण आधी मावशींना भेटा. ती टोळी दिवाळीनंतर त्याच फडाच्या आसपास येते, असं त्यांनी सांगितलं होतं.