आकाशातून जळत गेलं ते नक्की काय? रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून व्हिडिओ काढणाऱ्यांनी काय पाहावं?

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झालं. चंद्र तब्बल ८२ मिनिटं पूर्णपणे पृथ्वीच्या गडद सावलीत होता आणि भारतातून हे ग्रहण सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसणार होतं. त्याच वर्षी सूर्यमालेबाहेरून आलेल्या 'थ्रीआय/ॲटलस' या धूमकेतूची चर्चा सुरू झाली. दोन्ही वेळी मोबाइलवर फोटोंचा नुसता पाऊस पडला. त्यात ताजे फोटो होते, जुने फोटो होते आणि एआयने बनवलेली चित्रंही होती.

रत्नागिरीत हा विषय जरा जास्तच जिव्हाळ्याचा आहे. समोर समुद्राचं मोकळं क्षितिज, शहराबाहेर पडलं की बऱ्यापैकी अंधार आणि गोगटे-जोगळेकर महाविद्यालयाच्या खगोल अभ्यास केंद्रासारख्या ठिकाणी आकाशाची आवड जोपासणारी मंडळी. पण फोटो समोर आला की पहिला प्रश्न तोच असतो: हे नक्की आहे तरी काय?

फोटो कितीही सुंदर असला तरी नुसत्या त्याच्यावरून याचं उत्तर मिळत नाही. तो कधी, कुठून आणि कोणत्या दिशेला काढला, हे कळलं तर मिळतं. चार वेळा फॉरवर्ड झालेल्या व्हिडिओतून नेमक्या याच तीन गोष्टी गळून पडतात. त्या का महत्त्वाच्या आहेत, हे महाराष्ट्राने २०२२ साली अगदी जवळून पाहिलं.

पाडव्याच्या संध्याकाळी काय घडलं?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश, मराठवाडा आणि मध्य प्रदेशातल्या कित्येक गावांतून आकाशात जळत जाणारे लांबलचक पट्टे दिसले. काही मिनिटांत व्हिडिओ राज्यभर फिरले. कुणी म्हणालं उल्कापात, कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणाला उपग्रह कोसळल्याची शंका आली.

थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातून बातमी आली. लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग पडली होती. पुढच्या काही दिवसांत आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. नंतर इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही येऊन पाहणी केली.

सुरुवातीला एक अंदाज न्यूझीलंडहून त्याच संध्याकाळी सुटलेल्या 'इलेक्ट्रॉन' रॉकेटचा होता. दिवस तोच असल्यामुळे तो पटण्यासारखा वाटत होता. पण अंतराळातल्या वस्तूंचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी दुसरं उत्तर दिलं. त्यांच्या मते हा चीनच्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा तिसरा टप्पा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेलं हे रॉकेट आपलं काम करून मोकळं झालं होतं आणि त्याचा हा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहून त्या संध्याकाळी वातावरणात शिरला.

असा निष्कर्ष कसा काढला जातो? कक्षेतल्या मोठ्या तुकड्यांची यादी ठेवलेली असते. कोणता तुकडा साधारण कधी खाली येईल, याचा अंदाजही आधीच बांधला जातो. मात्र वातावरणाच्या वरच्या थराचं घर्षण सतत बदलत असल्यामुळे हा अंदाज काही तासांनी चुकू शकतो. त्यामुळे शेवटची खातरजमा जमिनीवरून होते. लोकांनी कुठे, किती वाजता, काय पाहिलं, हे तुकड्याच्या मार्गाशी जुळतं का, ते तपासलं जातं. म्हणजे गावातल्या गच्चीवरून काढलेला व्हिडिओही पुरावा ठरू शकतो. फक्त त्याची वेळ आणि जागा माहीत असायला हवी.

उल्का आणि रॉकेटचा तुकडा यांत फरक कसा ओळखायचा?

सगळ्यात सोपी खूण म्हणजे वेग. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. त्यामुळे ती बहुतेक वेळा डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपते. अगदी मोठा अग्निगोल असला तरी काही सेकंदांचाच खेळ. खिशातून मोबाइल काढून, कॅमेरा उघडून शूटिंग करण्याएवढा वेळ ती सहसा देत नाही.

पृथ्वीभोवती फिरणारा तुकडा वातावरणात शिरताना सेकंदाला साधारण पावणेआठ किलोमीटर वेगाने, तोही जवळजवळ आडवा येतो. तो जळायला आणि तुटायला वेळ लागतो. एकाचे अनेक तुकडे होतात आणि ते एकाच दिशेने, जणू एकमेकांचा हात धरून, मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ जाताना दिसतात. पाडव्याच्या व्हिडिओंत नेमकं हेच दिसत होतं.

म्हणून असा व्हिडिओ आला की आधी तो किती सेकंदांचा आहे ते पाहावं. एवढ्यानेही अर्धं काम होतं.

रत्नागिरीच्या आकाशात गफलत कुठे होते?

*रांगेत जाणारे दिवे.* सूर्यास्तानंतर किंवा पहाटे आगगाडीच्या डब्यांसारखी ठिपक्यांची ओळ सरकताना दिसली, तर ते बहुधा 'स्टारलिंक'चे नुकतेच सोडलेले उपग्रह असतात. जमिनीवर अंधार पडलेला असतो, पण शेकडो किलोमीटर उंचीवर अजून ऊन असतं. त्या उन्हात ते चमकतात. पृथ्वीच्या सावलीत शिरले की ओळ एकदम दिसेनाशी होते. 'अचानक गायब झाले' या वाक्यामागचं रहस्य एवढंच.

*न लुकलुकणारा एकच ठिपका.* तो पाच-सहा मिनिटांत आकाश पार करत असेल तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक असू शकतं. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून साधारण दीड तासात पृथ्वीची एक फेरी मारतं.

*समुद्रावर टेकलेला तेजस्वी दिवा.* ही बऱ्याचदा शुक्राची चांदणी असते. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असल्याने ती थरथरते आणि रंग बदलल्यासारखी दिसते. मोबाइलने झूम केलं आणि फोकस हुकला की तिचीच गोल तबकडी होते. 'उडत्या तबकडी'चे बरेचसे व्हिडिओ असेच जन्माला येतात.

*क्षितिजावरचा उजेड.* कोकणात ही शक्यता विसरून चालत नाही. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी आहे, तरी तिच्याविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत. दूरवरच्या नौकांवरच्या प्रखर दिव्यांचा उजेड खालच्या ढगांवर पडला की क्षितिजावर विचित्र झळाळी दिसते. मे २०२४ मध्ये सौर वादळामुळे लडाखमधल्या हानळे इथून ध्रुवीय प्रकाशाची लाली टिपली गेली होती. पण रत्नागिरी विषुववृत्तापासून जेमतेम १७ अंशांवर आहे. इथे आधी नौका आठवाव्यात.

*खळं.* चंद्राला किंवा सूर्याला पडलेलं खळं आपल्या आजी-आजोबांना चांगलं माहीत होतं. उंच, पातळ ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश वळतो आणि सुमारे २२ अंश त्रिज्येचं वर्तुळ दिसतं. हात लांब करून बोटं फाकवली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण एवढंच अंतर भरतं. असे ढग कधीकधी बदलत्या हवामानाच्या पुढे येतात. खळं दिसलं की पाऊस, हा जुना आडाखा अगदीच निराधार नाही; पण दर वेळी खरा ठरेल असंही नाही.

डोळ्यांना दिसलं नाही, मग फोटोत कसं आलं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये 'त्सुचिनशान-ॲटलस' हा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसत होता. आपल्याकडे ज्याला शेंडेनक्षत्र म्हणतात, तेच. १२ ऑक्टोबरच्या सुमारास तो पृथ्वीला सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे सात कोटी किलोमीटरवर होता. त्याचे लांब शेपटीचे फोटो पाहून बाहेर पडलेल्या अनेकांना प्रत्यक्षात फिकट, धुरकट पट्टा दिसला, आणि फोटो खोटे असल्याचा त्यांचा समज झाला.

ते खोटे असतीलच असं नाही. डोळा सेकंदाच्या छोट्याशा भागापुरताच प्रकाश साठवतो. कॅमेरा दहा-वीस सेकंद उघडा ठेवता येतो. शिवाय हौशी छायाचित्रकार एकाच दृश्याचे अनेक फोटो एकावर एक रचतात. त्यामुळे अंधूक तपशील उठून दिसतात. आकाशगंगेचे रंगीत फोटोही असेच तयार होतात. ही फसवणूक नव्हे, पद्धत आहे. मात्र ती फोटोखाली लिहायला हवी.

अडचण येते ती माहिती बदलली जाते तेव्हा. 'दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा भारत' म्हणून दरवर्षी फिरणारा रंगीबेरंगी फोटो आठवतो? तो एका रात्रीचा नाहीच. वेगवेगळ्या वर्षांतल्या उपग्रह नोंदी वेगवेगळ्या रंगांत दाखवून, काळानुसार दिवे कुठे वाढले हे समजावणारा तो नकाशा आहे. 'नासा'ने २०१२ मध्येच हे स्पष्ट केलं होतं. चित्र खरं, मथळा खोटा.

विजयदुर्गाच्या बाबतीतही हेच झालं का?

कोकणात अभिमानाने सांगितली जाणारी एक गोष्ट या कसोटीवर घासून पाहण्यासारखी आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याचा पट्टा कोकणातून पूर्व किनाऱ्याकडे गेला होता. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवले जातात आणि इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी तिथूनच हेलियम शोधला, असं सांगितलं जातं. आज सिंधुदुर्गात असलेला विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता.

नोंदी मात्र वेगळं सांगतात. ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जूल्स जान्सेन आजच्या आंध्र प्रदेशातल्या गुंटूरला होते. लॉकियर इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट ग्रहणाशिवायही पाहता येतो, हे त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये तिकडूनच दाखवलं. तिथे दिसलेली पिवळी रेषा नव्या मूलद्रव्याची असल्याचा तर्क पुढे मांडला गेला. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडलं.

म्हणजे ग्रहणाच्या पट्ट्याशी कोकणाचं नातं खरं, पण लॉकियर किल्ल्यावर उभे होते हे नोंदींशी जुळत नाही. दर १८ ऑगस्टला फिरणाऱ्या संदेशांत हा फरक क्वचितच दिसतो. कोकणाला अभिमान वाटावा अशी दुसरी भक्कम जागा आहे. 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित १८५३ साली दापोलीजवळच्या मुरुडचे. जुन्या ग्रंथांतले उल्लेख गोळा करून, गणिताने पडताळून काळ ठरवणं हेच त्यांचं काम होतं.

ओळख पटण्याला एवढं महत्त्व कशाला?

पहिलं कारण सुरक्षेचं. रॉकेटच्या टाक्यांत हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. आकाशातून पडलेल्या धातूच्या तुकड्याला हात लावू नये, तो घरी नेऊ नये. लांबून फोटो काढून पोलीस किंवा तहसील कार्यालयाला कळवावं.

दुसरं कारण कायद्याचं. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अंतराळातून पडलेल्या वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झालं, तर ती सोडणारा देश भरपाईला जबाबदार असतो. भारत आणि चीन दोघेही या करारात आहेत. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुइंधनावर चालणारा 'कॉसमॉस ९५४' उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा सोव्हिएत संघाने पुढे ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. पण भरपाई मागायची तर वस्तू कुणाची हे आधी सिद्ध करावं लागतं. उद्या असा तुकडा कुणाच्या घरावर किंवा आंब्याच्या बागेत पडला, तर वेळ-जागेसह असलेले व्हिडिओ कामी येतील.

तिसरं कारण विज्ञानाचं. २८ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री इंग्लंडच्या विंचकम गावावर अग्निगोल दिसला. उल्का टिपणारे कॅमेरे आणि घरांच्या दारांवरचे कॅमेरे यांच्या नोंदींवरून तो कुठे पडला असेल, याचा अंदाज काढला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका घराच्या अंगणात दुर्मीळ अशनीचे तुकडे मिळाले.

काही दिसलं तर काय नोंदवायचं?

- वेळ: मिनिटासकट. मूळ व्हिडिओ जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या प्रतीत वेळ आणि जागेची मूळ माहिती सहसा राहत नाही.
- जागा: नुसतं 'रत्नागिरी' नको. भाट्ये, आरे-वारे की रत्नदुर्ग, ते लिहा.
- दिशा: कुठून कुठे गेलं? समुद्राकडे पश्चिम, एवढं कळलं तरी पुरे.
- उंची: हात लांब करून धरलेली एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. क्षितिजापासून किती मुठी वर, ते सांगा.
- कालावधी: किती सेकंद दिसलं? मोजलं नसेल तर 'अंदाजे' लिहा.
- संदर्भ: फ्रेममध्ये माड, दीपगृह, डोंगर असं काहीतरी येऊ द्या. काळ्या पडद्यावरच्या ठिपक्यावरून काहीच मोजता येत नाही.

ही माहिती हौशी मंडळांना दिली, तर ती वाया जात नाही. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीतले रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम अनेकांना माहीत आहेत. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर तर कुणालाही अग्निगोलाची नोंद करता येते.

सरावासाठी कोकणात डिसेंबर उत्तम. ऑगस्टमधला ययाती उल्कावर्षाव इथे बहुतेकदा पावसाच्या ढगांत हरवतो, पण १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन उल्कावर्षाव असतो तेव्हा आकाश सहसा स्वच्छ असतं. २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण भारतातून खंडग्रास दिसेल. रत्नागिरीत तेव्हा पावसाळा असेल. त्या दिवशी बाहेर ढग असताना मोबाइलवर 'रत्नागिरीतून आत्ताच टिपलेलं' म्हणून काळ्या सूर्याभोवती तेजाचं कडं असलेला फोटो आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढंच आठवा: खंडग्रास ग्रहणात सूर्य पूर्ण झाकला जात नाही.