एका विजयाचा जमाखर्च

अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी या शहराच्या ‘थंडर’ संघाने २२ जून २०२५ रोजी इंडियाना पेसर्स संघावर १०३-९१ अशी मात केली आणि ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’चे, म्हणजेच त्या देशातील धंदेवाईक बास्केटबॉलचे अजिंक्यपद पटकावले. ‘थंडर’ म्हणजे मेघगर्जना. त्या हंगामापुरते तरी या संघाने आपले नाव सार्थ केले. विजयाचा जल्लोष आता विरला आहे, मिरवणुकीची धूळ खाली बसली आहे. अशा वेळी त्या हंगामाकडे शांत चित्ताने पाहता येते, आणि तसे पाहिले असता त्यात कौतुकाइतकेच चिंतनालाही स्थान आहे असे आम्हांस वाटते.

आमच्या बहुसंख्य वाचकांचा बास्केटबॉलशी असलेला संबंध शाळेच्या पटांगणापलीकडे फारसा जात नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मालकाने संघ विकत घ्यावा, संघाने शहराचे नाव लावावे आणि शहराने त्या संघावर जीव ओवाळून टाकावा, अशी जी धंदेवाईक खेळाची रीत आपल्या देशात गेल्या दोन दशकांत रुजली, तिचे बियाणे अमेरिकेच्या मातीतले आहे. जेथे हे झाड जुने झाले आहे तेथे त्याला कोणती फळे आली आणि कोणते काटे, हे पाहणे म्हणूनच आपल्याही हिताचे आहे.

प्रथम जमेची बाजू. साखळीतील ८२ सामन्यांपैकी थंडरने ६८ जिंकले. प्रत्येक सामन्यात प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरासरी जवळजवळ तेरा गुण अधिक मिळवून १९७१-७२ च्या लॉस एंजेलिस लेकर्सचा विक्रम त्यांनी मागे टाकला. शे गिल्जस-अलेक्झांडर या कॅनडाच्या खेळाडूने सामन्यामागे सरासरी ३२.७ गुण नोंदविले. सर्वाधिक गुणांचा मान, हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान आणि अंतिम मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान हे तिन्ही एकाच वर्षी मिळविणारा तो इतिहासातील केवळ चौथा खेळाडू ठरला. इतके असूनही बाद फेरीतील वाट सोपी नव्हती. डेन्व्हरने त्यांना सातव्या सामन्यापर्यंत खेचले. अंतिम मालिकेच्या पहिल्याच सामन्यात, घड्याळात सेकंदाचे तीन दशांश उरले असताना, पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनने चेंडू बास्केटमध्ये टाकून हातातला विजय हिरावून घेतला. त्या संपूर्ण सामन्यात पेसर्सने घेतलेली ती पहिली आणि एकमेव आघाडी होती! मालिकेत २-१ असे मागे पडूनही थंडरचे तरुण डगमगले नाहीत. निर्णायक सातव्या सामन्याच्या पूर्वार्धातच हॅलिबर्टनच्या पायाचा स्नायुबंध तुटला आणि तो मैदानाबाहेर गेला, ही पेसर्सची दुर्दैवी हानी. तरीही मध्यंतरास पेसर्स एका गुणाने पुढे होते, हे विसरून चालणार नाही. विजेत्याला झुंजावे लागले, आणि पराभूतानेही मान खाली घालावी असे काही घडले नाही.

या यशाचे खरे मर्म मात्र त्या एका वर्षात सापडणार नाही. त्यासाठी २ डिसेंबर २०२१ या दिवसाकडे वळावे लागेल. त्या रात्री याच थंडर संघाला मेम्फिसने १५२-७९, म्हणजे तब्बल ७३ गुणांनी हरविले. असोसिएशनच्या इतिहासात एवढ्या फरकाने कोणताही संघ हरला नव्हता. त्या हंगामात थंडरने २४ सामने जिंकले आणि ५८ गमावले. त्याच्या आदल्या वर्षी २२ विरुद्ध ५० अशी गत होती. अशा निकालांनंतर आपल्याकडे प्रशिक्षकाची उचलबांगडी ठरलेली! ओक्लाहोमा सिटीत तसे झाले नाही. सरव्यवस्थापक सॅम प्रेस्टी आणि प्रशिक्षक मार्क डेगनॉल्ट दोघेही आपल्या जागी राहिले. २०१९ मध्ये प्रेस्टी यांनी पॉल जॉर्ज हा नावाजलेला खेळाडू लॉस एंजेलिस क्लिपर्सला दिला आणि त्या बदल्यात विशीतला गिल्जस-अलेक्झांडर व पुढील वर्षांतील नव्या खेळाडूंच्या पहिल्या फेरीच्या पाच निवडींचे हक्क घेतले. त्यांपैकी एका हक्कातून २०२२ साली जेलन विल्यम्स आला. त्याने २०२५ च्या अंतिम मालिकेतील पाचव्या सामन्यात ४० गुण केले. लू डॉर्टला तर २०१९ च्या निवडीत कोणत्याच संघाने घेतले नव्हते. थंडरने त्याला जवळ केले. पेरल्यावर दुसऱ्या दिवशी माती उकरून बी रुजले की नाही ते पाहणाऱ्यांच्या जमान्यात हा धीर दुर्मीळ आहे आणि तो अनुकरणीय आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. असोसिएशनच्या नियमांनुसार गुणतक्त्यात तळाशी राहणाऱ्या संघांना पुढील वर्षीच्या नव्या खेळाडूंमधून अव्वल खेळाडू मिळण्याची शक्यता अधिक असते. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना पहिल्या निवडीची प्रत्येकी १४ टक्के संधी सोडतीत दिली जाते. बलवान अधिक बलवान होऊ नयेत व दुर्बलांना वर येता यावे, हा त्यामागचा हेतू निःसंशय चांगला आहे. व्यवहारात मात्र हरणे फायद्याचे ठरते. एप्रिल २०२३ मध्ये हंगामाच्या अखेरीस प्रमुख खेळाडूंना बसवून ठेवल्याबद्दल डॅलस संघाला साडेसात लाख डॉलर दंड भरावा लागला, यावरून या रोगाची कल्पना यावी. थंडरवर आम्ही असा आरोप करीत नाही. त्यांचा संघ मुख्यतः चतुर देवघेवीतून उभा राहिला. तथापि चेट होमग्रेन हा खेळाडू त्यांना २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने निवडता आला तो त्या ५८ पराभवांमुळेच. आणि त्याआधीच्या पडत्या वर्षाच्या जोरावर मिळालेला जॉश गिडी पुढे शिकागोला देऊन अॅलेक्स कॅरुसो हा कसलेला बचावपटू त्यांनी आणला, हेही खरे. व्यवस्थापकाच्या दृष्टीने ती गुंतवणूक होती. ज्या नोकरदाराने त्या दोन वर्षांत पदरमोड करून मुलांना सामना दाखविला, त्याच्या दृष्टीने ती काय होती? त्याला तिकीट विकले होते ते त्या दिवशीच्या खेळाचे. चार वर्षांनी येणाऱ्या विजयाचे नव्हे.

आणि त्याहून मोठा हिशेब आहे तो सिअ‍ॅटल शहराचा. हा संघ मूळचा ओक्लाहोमाचा नव्हेच. १९६७ पासून तो ‘सुपरसॉनिक्स’ या नावाने सिअ‍ॅटलमध्ये खेळत होता. १९७९ चे अजिंक्यपद त्याने त्या शहरासाठी जिंकले होते. २००६ मध्ये ओक्लाहोमाच्या धनिकांच्या गटाने तो ३५ कोटी डॉलरना विकत घेतला. नव्या मालकांनी पन्नास कोटी डॉलर खर्चाच्या क्रीडागृहासाठी सरकारी पैसा मागितला, विधिमंडळाने नकार दिला, आणि प्रकरण न्यायालयात गेले. जुलै २००८ मध्ये तडजोड झाली. साडेचार कोटी डॉलर घेऊन सिअ‍ॅटलने संघाला करारातून मोकळे केले. ‘सुपरसॉनिक्स’ हे नाव आणि ते रंग तेवढे शहराकडे राहिले. एक्केचाळीस वर्षांच्या प्रेमाची ही भरपाई! ज्या मुलाने वडिलांच्या खांद्यावर बसून १९७९ ची मिरवणूक पाहिली असेल, तो प्रौढ होऊन आपल्या मुलाला कोणता संघ दाखविणार होता, याचा विचार करारनाम्यातील कोणत्याही कलमात नव्हता.

ओक्लाहोमा सिटीच्या नागरिकांना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. १९ एप्रिल १९९५ रोजी तेथील सरकारी इमारतीत झालेल्या बॉम्बस्फोटात १६८ माणसे बळी पडली. त्यानंतर हे शहर जिद्दीने पुन्हा उभे राहिले. कॅट्रिना वादळाने न्यू ऑर्लिअन्स उद्ध्वस्त झाले तेव्हा तेथील संघाला याच शहराने दोन हंगाम आसरा दिला. थंडरमध्ये येणाऱ्या नव्या खेळाडूंना आजही त्या स्फोटाच्या स्मारकावर नेले जाते. ज्या गावाचे नाव छातीवर लावायचे त्या गावाने काय सोसले आहे हे खेळाडूला ठाऊक असावे, हा विचार आम्हांस थोर वाटतो. जेमतेम सात लाख वस्तीच्या शहराला जगाच्या नकाशावर स्थान मिळाल्याचा आनंद झाला तर त्यात नवल नाही.

पण या आनंदाची किंमत कोण देतो? १२ डिसेंबर २०२३ रोजी तेथे मतदान झाले. किमान ९० कोटी डॉलर खर्चाचे नवे क्रीडागृह बांधण्यासाठी सहा वर्षे एक टक्का विक्रीकर द्यावा की नाही, असा प्रश्न होता. सुमारे ७१ टक्के मतदारांनी होकार दिला. संघमालकांचा वाटा पाच कोटी डॉलर! विक्रीकर श्रीमंत-गरीब असा भेद करीत नाही. बाजारहाट करणाऱ्या मोलकरणीनेही तो द्यायचा आणि ज्याच्या मालकीच्या संघाची किंमत त्या क्रीडागृहामुळे वाढणार त्यानेही तेवढ्याच दराने द्यायचा. अशा वास्तूंतून शहराची भरभराट होते हा दावा बहुतेक अर्थशास्त्रज्ञांना मान्य नाही. मग एवढ्या मतदारांनी होकार का दिला? त्यांच्यासमोर सिअ‍ॅटलचे उदाहरण होते म्हणून, असे आम्हांस वाटते. ज्या वाटेने संघ आला त्याच वाटेने तो जाऊही शकतो, हे ओक्लाहोमा सिटीपेक्षा अधिक कोणाला माहीत असणार? मात्र एका गोष्टीचे श्रेय त्या शहरास दिलेच पाहिजे. त्याने लोकांना उघडपणे विचारले, आणि नव्या वास्तूत किमान पंचवीस वर्षे संघ खेळेल असे बंधन मालकांवर घातले.

आता आपल्याकडे पाहू. २००७ ते २०१३ अशी सलग सात वर्षे देशाचे फुटबॉल अजिंक्यपद धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या तीन गोमंतकीय संघांनी आलटून पालटून गोव्यात ठेवले. २०१४ मध्ये शहरांची व राज्यांची नावे लावणाऱ्या संघांची ‘इंडियन सुपर लीग’ सुरू झाली. खालच्या श्रेणीतून खेळाच्या बळावर वर येण्याची वाट तीत प्रारंभी नव्हती. अमेरिकेप्रमाणेच जागा विकत घेतलेल्यांचाच तो मंडप होता. या नव्या स्पर्धेला अग्रस्थान देण्याचे घाटले तेव्हा २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे गोव्याचे तीन संघ आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपोला परतण्यास २०२४ उजाडले. महाराष्ट्रातही याचा प्रत्यय आला. २०१९ मध्ये पुण्याचा संघ बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. त्याच वर्षी दिल्लीचा संघ उठून भुवनेश्वरला गेला. सिअ‍ॅटल आपल्यापासून वाटते तितके दूर नाही.

एफसी गोवा या संघाने चांगला खेळ दाखविला आहे आणि गोमंतकीयांचे प्रेमही मिळविले आहे. त्याच्याविषयी आमच्या मनात संशय नाही. आमचा मुद्दा व्यक्तीचा वा संघाचा नसून रीतीचा आहे. मालक बदलतात, त्यांचे व्यवहार बदलतात. फातोर्ड्याचे मैदान मात्र जनतेच्या पैशातून उभे राहिले आहे आणि ते येथेच राहणार आहे. म्हणून कोणत्याही धंदेवाईक संघाला, मग तो फुटबॉलचा असो, कबड्डीचा असो वा उद्या बास्केटबॉलचा असो, सार्वजनिक मैदान, सवलत किंवा अनुदान देताना सरकारने तीन अटी लेखी घालाव्यात. तो संघ किती वर्षे येथे राहील हे नमूद असावे. मुदतीपूर्वी गेल्यास नाव, रंग आणि पुरेशी भरपाई येथेच राहावी. आणि स्थानिक मुलांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी त्याने पत्करावी. हा करारनामा विधानसभेसमोर मांडला जावा, म्हणजे काय दिले आणि काय घेतले हे लोकांना कळेल.

थंडरच्या त्या तरुण खेळाडूंचे आम्ही अभिनंदन करतो. ७३ गुणांचा पराभव पचवून अजिंक्यपदापर्यंत पोचणाऱ्यांचे कौतुक न करणे हा कोतेपणा ठरेल. त्यांचे कसब त्यांचे आहे आणि त्यावर कोणाचे ऋण नाही. मात्र संघाच्या नावापुढे जेव्हा एखाद्या गावाचे नाव लागते, तेव्हा त्या गावाचा त्यावर काही हक्क निर्माण होतो. तो हक्क भावनेच्या भरवशावर सोडला तर काय होते ते सिअ‍ॅटलला २००८ मध्ये कळले, आणि कागदावर उतरविण्यासाठी काय मोजावे लागते ते ओक्लाहोमा सिटीला कळते आहे. आपल्याला तो धडा कमी खर्चात शिकण्याची संधी आहे. ती आपण घ्यावी.