साप म्हणून भुई धोपटणाऱ्यांना

‘घरात माणसांखेरीज दुसरं काही जिवंत दिसता कामा नये’ हे मत चिंचवडात आता जवळजवळ सर्वमान्य झालं आहे. दर महिन्याला अख्ख्या इमारतीत फवारणी, पाल दिसली की झाडू, कोळी दिसला की चप्पल. या मताचे सगळ्यात खंदे पुरस्कर्ते म्हणजे आमच्या इमारतीतले एक काका. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात गेली. त्यांचा युक्तिवाद कच्चा नाही, म्हणून आधी तोच पुरता मांडतो.

काका म्हणतात, कारखान्यात आम्ही ‘झिरो डिफेक्ट’ मागायचो, घरात डिफेक्ट का चालवून घ्यायचा? कारखान्यातल्या नीटनेटकेपणाच्या ‘फाइव्ह एस’ पद्धतीची पहिली पायरीच मुळी नको ते हटवण्याची. दुसरा मुद्दा जरा बोचरा आहे. छोट्या छोट्या गोष्टींत चांगलं शोधा, पाल उपकारी आहे, कोळ्याच्या जाळ्यात कला आहे, हे सगळं त्यांच्या मते आळशाचं तत्त्वज्ञान. ज्याला जळमटं काढायचा कंटाळा, त्याला जळमटांत सौंदर्य दिसतं. आणि शेवटचा घाव: “अरे, तू चापेकर वाड्याच्या गावात राहतोस. प्लेग आणला कोणी? बिनबोलावलेल्या पाहुण्यांनीच ना?”

या शेवटच्या मुद्द्यालाच आधी हात घालतो, कारण तो सगळ्यात वजनदार दिसतो आणि तोच काकांवर उलटतो.

१८९७ च्या फेब्रुवारीत पुण्यात प्लेग कमिटी बसली, तिचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड. गोरे सोल्जर घरोघर शिरले. माजघर म्हणू नका, देवघर म्हणू नका. माणसं उचलून इस्पितळात आणि छावण्यांत नेली, चीजवस्तू जाळल्या, भिंती आणि जमिनी जंतुनाशकाने धुऊन काढल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, पुढे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव तिघेही फासावर गेले. एवढा इतिहास इथल्या शाळकरी पोराला पाठ आहे. पाठ नसतो तो भाग असा की प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरावरून माणसाकडे पिसवांमार्फत येतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. तेही पुढे बरीच वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. म्हणजे सोल्जर पुण्यातली घरं उलथीपालथी करत होते, तेव्हा खरी गुन्हेगार पिसू कोणाच्या यादीतच नव्हती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच.

उलट त्या काळच्या आठवणी सांगणारी जुनी माणसं एक शब्दप्रयोग हमखास करत: ‘उंदीर पडला’. घरात मेलेला उंदीर दिसला की गाव सोडायचं आणि माळावर झोपडी टाकायची. त्यांना जंतूचं नाव ठाऊक नव्हतं, पिसवेवर संशय नव्हता. पण घरातल्या प्राण्याकडे त्यांचं लक्ष होतं आणि त्या लक्ष असण्यानेच कित्येकांना सावध केलं. तेव्हा काका, प्लेगचा दाखला तुमच्या बाजूने साक्ष देत नाही. न ओळखता सरसकट साफसफाई केली की काय होतं, याची तो साक्ष देतो.

आता ‘फाइव्ह एस’. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपपासून चाकणच्या बड्या प्लांटपर्यंत हे पाच एस भिंतीवर टांगलेले असतात, त्यामुळे त्यांची ओळख मला काकांनी करून द्यायला नको. त्या पहिल्या पायरीवर कोणी डोळे मिटून वस्तू भंगारात टाकत नाही. जिची खात्री नाही तिला लाल टॅग लावतात, वेगळ्या जागी ठेवतात, हिचा कोणाला उपयोग आहे का म्हणून सगळ्या विभागांना विचारतात, मुदत देतात, आणि मगच निकाल. काकांनी हयातभर हे इमानाने केलं. घरी आले आणि टॅग विसरले. पालीला मुदत नाही, चिचुंद्रीला सुनावणी नाही, कुंभारमाशीला तर नावही नाही, सगळे ‘किडे’.

बघून मग टाकण्याचं महत्त्व आमच्या शेजारच्या पिंपरीइतकं दुसऱ्या कुठल्या गावाला पटावं? १९२८ च्या सप्टेंबरात अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीवरून लंडनच्या प्रयोगशाळेत परतला, तेव्हा जंतू वाढवलेल्या एका बशीत आगंतुक बुरशी आली होती. क्वालिटीच्या भाषेत रिजेक्ट माल. टाकण्याआधी त्याने ती बशी नीट पाहिली, तर बुरशीभोवतीचे जंतू विरून गेलेले. त्या आगंतुकीतून निघालेलं पेनिसिलिन भारतात बनवण्यासाठी १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. हीच ती आपली एच. ए. कंपनी. पुढे तिथल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतला एक सूक्ष्मजीव वेगळा काढला, त्याचं नाव पडलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि त्यापासून बुरशीच्या रोगांवरचं हमायसीन मिळालं. ज्या मातीला आपण पायपुसण्यावर झटकतो, तिच्यातला एक रहिवासी गावाचं नाव घेऊन शास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसला. (म्हणून शिळ्या पावावरची बुरशी जपून ठेवू नका. ती टाकायचीच.)

आता पालीबद्दल बोलू, कारण घरातलं खरं भांडण तिच्यावरूनच होतं. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं: पाल कुठल्या अंगावर पडली तर काय फळ. ज्यांचा कोष्टकावर विश्वास नाही, त्यांचाही तिच्या विषावर ठाम विश्वास असतो. आपल्या घरातली पाल विषारी नाही. तिच्या विष्ठेत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, म्हणून दूध आणि शिजवलेलं अन्न झाकून ठेवायचं, ते पाल नसली तरी ठेवायचंच. ‘आमटीत पाल पडली आणि सगळ्यांना उलट्या झाल्या’ या बातमीतल्या काही उलट्यांना नुसती शिसारीही पुरेशी असते.

एकदा रात्री स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, काचेवर ती आली की आतून तिचं पोट बघा. काचेमागून उजेड पडला तर कातडीतून दोन पांढरी अंडी दिसतात. पायाच्या बोटांखाली आडव्या पट्ट्यांच्या गाद्या असतात. त्यांवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस, प्रत्येक केसाला शेकडो फाटे. तिथे ना गोंद ना चोषण. रेणूरेणूंमधल्या आकर्षणावर ती गुळगुळीत काचेवर उलटी चालते. तिला पापण्या नाहीत, डोळ्यावर धूळ बसली की जिभेने पुसते. शेपूट तुटून पुन्हा आलेली असेल तर जोड ओळखू येतो: नवीन भागाची नक्षी जुळत नाही आणि आत मणक्यांऐवजी कूर्चेची दांडी असते. एवढं सगळं फुकट, तेही चौथ्या मजल्यावर. दिव्याभोवतीचे किडे ती खाते तो फायदा वेगळा. पण पाल ठेवली म्हणजे डेंगी टळला असं कोणी सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. मी पालीची वकिली करतोय, जाहिरात नाही.

कुंभारमाशीवर तर दुहेरी अन्याय आहे. पडद्याच्या दांडीमागे, वापरात नसलेल्या प्लगच्या भोकात ती चिखलाच्या गोळ्या आणून मडकं घडवते. आपल्याकडे पूर्वापार समजूत अशी की ती एक अळी पकडून आणते, तिच्याभोवती गुणगुणते आणि त्या ध्यासाने अळीचीच माशी होते. कीर्तनात दृष्टांत म्हणून हे शोभतं. मडक्यात घडतं ते निराळं: मडक्यात अंडं घालून, नांगी मारून लुळी केलेली अळी आत ठेवून ती तोंड लिंपते, अंड्यातून निघालेलं पिल्लू तो ताजा शिधा खात वाढतं. या घटनेत गोडवा शोधायला गेलात तर निराश व्हाल. मला मात्र या दृष्टांतापेक्षा खरी हकिगतच जास्त रुचते. चांगलं शोधायचं म्हणजे डोळ्यांसमोरच्या गोष्टीला साखर लावायची, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी एक मडकं फोडून बघावं.

चिचुंद्री हा उंदीर नव्हेच. तिचे दात कुरतडायचे नाहीत, किडे फोडायचे आहेत. झुरळ हा तिचा आवडता घास. तिची पिल्लं एकमेकांच्या शेपटीच्या बुडाशी धरून आईमागे आगगाडीसारखी रांगेत निघतात. पण तिच्याही अंगावर पिसवा असतात, तेव्हा तिला ओट्याखाली थारा नको. जिन्याच्या कडेने, गटाराच्या बाजूने जात असेल तर जाऊ द्यावी.

इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींचाही समाचार घ्यायला हवा, नाहीतर काका म्हणतील की मी भूतदयावाल्यांच्या गोटातला. मी त्या गोटातला नाही. गॅलरीत मूठमूठ दाणे टाकून कबुतरांची फौज पोसणं ही दया शेजाऱ्याच्या फुप्फुसांच्या खर्चाने होते. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो आणि फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, त्यावर केवढं रान उठलं. उंदरांना घरात माफी नाही, मोरया गोसावींच्या गावातसुद्धा नाही; देवापुढच्या मूषकाचा मान वेगळा. घरात साप निघाला तर तो कवड्या आहे की मण्यार याची परीक्षा घेत बसू नये. पट्टे पाहून फसलेले पुष्कळ आहेत. लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवावी आणि सर्पमित्राला बोलवावं.

आणि डास. काकांच्या मासिक फवारणीचं खरं कारण डास, आणि नेमका तिथेच त्यांचा नेम चुकतो. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. डेंगीचा एडिस गटारात वाढत नाही. त्याला आपल्यासारखंच स्वच्छ पाणी लागतं. कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, गच्चीवरचं उघडं पिंप. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात, म्हणून तर आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला सांगतात. अंडी कडेला कोरडी चिकटून महिनोन्‌महिने टिकतात, तेव्हा नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांड्याची कड घासावी लागते. फवारणीवाला मशीन घेऊन गेला की कोळी मरतात, कुंभारमाशी मरते, काकांचं समाधान होतं आणि ट्रेमधल्या अळ्या शांतपणे कोषात जातात. साप साप म्हणून भुई धोपटायची, ती अशी. कोळिष्टकं काढायचा कंटाळा हा आळस असेल तर फ्रिज पुढे ओढायचा कंटाळा हाही आळसच, आणि हा दुसरा आळस तापाने फणफणायला लावतो.

काकांचं खंडन इथवर पुरे. माझा खरा प्रतिवादी दुसराच आहे. चाकणला कंत्राटी कामाला असलेला एक तरुण मित्र. तो म्हणतो, “दादा, हे छोटे छोटे आनंद म्हणजे मालकाच्या सोयीचं औषध आहे. बारा तासांची पाळी, तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलेली बस, आणि वर पोस्टर: सकारात्मक राहा. आता तुम्हीही तेच सांगणार?”

हा आक्षेप हसून घालवण्यासारखा नाही. ते पोस्टर मलाही ठाऊक आहे. ते सांगतं की परिस्थितीकडे बघू नका, मन बदला. ज्या आनंदाला डोळे मिटावे लागतात, तो मित्र म्हणतो तसलाच. पण काचेवरच्या पालीचा आनंद डोळे मिटून मिळत नाही. तिथे बघावंच लागतं, तेही बारकाईने, आणि ऐकीव ते पारखून. शेपटीचा जोड ओळखणारी नजर पगाराच्या स्लिपवरची नवी वजावटही हेरेल याची मी हमी देत नाही. पण ‘बघू नका’ म्हणणाऱ्याच्या कामाची ती नजर नक्कीच नाही. शिवाय पालीकडे पाच मिनिटं बघितल्याने ओव्हरटाइमची मागणी पाच मिनिटांनी मागे पडते, असा हिशेब मांडणारा माणूस मला कारकुनी वाटतो. दुःखाला सगळं लक्ष दिलं पाहिजे, हा नियम कोणी केला? मालकालाही तेवढं लक्ष आपण देत नाही.

मित्राला हे पटलं नाही. तो म्हणाला, “तुमच्या चौथ्या मजल्यावरून हे बोलायला ठीक आहे, आम्ही एका खोलीत पाचजण राहतो.” त्याचं म्हणणं खरं आहे. जागेचा प्रश्न पालीने सुटत नाही आणि सुटतो असं मी म्हणणारही नाही. मग बोलता बोलता त्यानेच सांगितलं की त्यांच्या खोलीत खाटेच्या वर एक उडी मारणारा कोळी आहे. जाळं विणत नाही, पुढचे दोन मोठे डोळे रोखून, आपण हलू तसा वळून वळून बघतो. पोरांनी त्याचं नाव सुपरवायझर ठेवलंय, कारण काम काही करत नाही, वरून नुसता बघतो. मागच्या आठवड्यात नवीन आलेल्या एकाने त्याला मारायला चप्पल उचलली, तर बाकीच्या चौघांनी त्याचा हात धरला.