सूतिकेच्या हृदयाची चौकशी

गर्भवतीच्या प्रकृतीची जी चिंता आपण प्रसूतीच्या घटकेपर्यंत मोठ्या कसोशीने वाहतो, तिच्या निम्मीही पुढील काळात वाहत नाही, हे विधान आमच्या काही व्यवसायबंधूंना कटू वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या दिवसांत स्त्रीच्या हृदयावर सर्वांत अधिक भार पडतो आणि ज्या महिन्यांत त्या भाराचे परिणाम दिसू लागतात, नेमकी त्याच मुदतीत ती आपल्या दप्तरातून नाहीशी झालेली असते, ही गोष्ट कोणाही अनुभवी प्रसूतितज्ज्ञास नाकबूल करता यावयाची नाही.

गर्भारपणात रक्तातील द्रवांश ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, नाडी मिनिटास १० ते २० ठोक्यांनी जलद होते आणि हृदय दर मिनिटास जे रक्त पुढे लोटते त्याचे प्रमाण ३० ते ५० टक्क्यांनी चढते, हे आपण सारेच विद्यार्थिदशेत पाठ करून आलो आहोत. विसर पडतो तो पुढच्या अध्यायाचा. प्रत्येक कळेसरशी गर्भाशयातील ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त मुख्य प्रवाहात येऊन पडते. मूल बाहेर येताच अधोमहाशिरेवरील दाब नाहीसा होऊन पायांकडचे रक्त मोकळेपणी वर चढते. आणि पुढील दोन-तीन दिवस ऊतींत साठलेले पाणीही रक्तात परत येऊ लागते. वार पडली, रक्तस्राव आटोक्यात आला, टाके घालून झाले, म्हणून डॉक्टर हातमोजे उतरवतात, त्या वेळी रोगट हृदयाची कसोटी ऐन भरात असते.

आपल्याकडे याचा प्रत्यय सर्वांत अधिक येतो तो आकुंचित मायट्रल झडपेच्या बाबतीत. ऱ्हुमॅटिक तापाने बालपणीच जखडलेली ही झडप, कसलीही तक्रार नसल्यामुळे, पहिल्या गर्भारपणापर्यंत पुष्कळदा कोणाच्याच लक्षात आलेली नसते. नाडी जलद झाली की डाव्या अलिंदातील रक्तास निलयात उतरण्यास अवधी पुरत नाही, ते मागे फुप्फुसात तुंबते, आणि काल संध्याकाळपर्यंत घरात वावरणारी स्त्री आज पहाटे खाटेवर ताठ बसून, दोन्ही हात मागे टेकून, फेसाळ गुलाबी थुंकी टाकीत असते. वास्तविक या झडपेचा सुगावा लागण्यास एकोचे यंत्र दारी असलेच पाहिजे असे नाही. गर्भवतीस डाव्या कुशीवर वळवावे, स्टेथोस्कोपचा घंटाकृती भाग हृदयाच्या टोकाशी हलकेच टेकवावा, आणि आजूबाजूची वर्दळ क्षणभर थांबवून ठोक्यांमधल्या विश्रांतीकडे कान द्यावा. गर्भारपणात तिसरा ध्वनी ऐकू येणे किंवा आकुंचनकाळी सौम्य मर्मर उमटणे यात वावगे काही नसते. पण शिथिलनकाळी घुमणारी मर्मर ही कधीही गर्भारपणाच्या खाती जमा करावयाची नसते. अशा रुग्णेस रिवाजाप्रमाणे मेथर्जिनची सुई देणे म्हणजे आधीच तुंबलेल्या फुप्फुसांवर आणखी रक्त लोटणे होय, आणि तरीही प्रसूतिगृहाच्या ट्रेमध्ये ती सुई हाताशी भरून ठेवलेली असते. इनौए या जपानी शल्यचिकित्सकाने १९८२ साली प्रथम वापरलेल्या बलूनने ही झडप आज गर्भारपणातही रुंद करता येते. मात्र त्यासाठी रुग्णेस वेळीच, शक्यतो दुसऱ्या तिमाहीत, योग्य ठिकाणी रवाना केलेली असली पाहिजे.

दुसरा विकार याहून कपटी. सूतिकाकालीन हृद्स्नायुविकार, ज्यात पूर्वी सर्वस्वी निरोगी असलेल्या स्त्रीचे हृदय गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यापासून प्रसूतीनंतर पाच महिन्यांपर्यंत केव्हाही दुबळे होऊन बसते, तो नेमका आपल्या सामाजिक रिवाजाच्या फटीत सापडतो. नावनोंदणी सासरच्या गावी, बाळंतपण माहेरी, तीन महिन्यांनी पुन्हा सासरी! पायाला सूज, पायरी चढताना धाप, रात्री उताणे निजवत नाही म्हणून उशीला टेकून काढलेली झोप, या साऱ्याचा उलगडा घरची वडीलधारी माणसे ‘बाळंतीण आहे, अशक्तपणा असायचाच’ एवढ्यावर करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण तोच उलगडा आम्हीही लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून कायम करीत असतो. आशा सेविका बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते खरी, परंतु तिचा बहुतेक वेळ बाळाचे वजन आणि तापमान यांतच जातो. आईची नाडी मोजण्यास तिला कोणी विशेष बजावलेले नसते.

रक्तदाबाची कथा अशीच. प्रसूतीनंतर तो सर्वांत वर चढतो तो तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे नैसर्गिक प्रसूती झालेली स्त्री बहुधा घरी पोचलेली असते तेव्हा. शिवाय पूर्वप्रसूतिविषार होऊन गेलेल्या स्त्रीस पुढील आयुष्यात हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका सुमारे दुपटीने अधिक असतो, हे आता निर्विवाद आहे. असे असता, छातीत कळ आली म्हणून आलेल्या पंचेचाळिशीच्या स्त्रीस ‘तुमच्या बाळंतपणात रक्तदाब चढला होता काय?’ असा प्रश्न विचारणारे फिजिशियन आम्हांस विरळाच भेटतात.

महाराष्ट्राचे माता-मृत्यूचे प्रमाण २०१८–२० च्या गणनेत लाखात ३३ होते, अखिल भारताचे ९७. याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु रक्तस्राव व जंतुदोष आटोक्यात आले म्हणजे पुढे कोण उभे असते, हे ब्रिटनच्या अनुभवावरून कळण्यासारखे आहे. तेथे १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी सातत्याने चालू आहे, आणि त्या चौकशीत अलीकडे कित्येक वर्षे हृदयविकार हे मृत्यूचे एक प्रमुख कारण ठरत आले आहे.

तेव्हा आमची वाचकांस विनंती इतकीच की, घरी पाठविण्याच्या कागदावर बाळाच्या लसींच्या तारखांशेजारी आईच्या रक्तदाबाची तारीखही, पहिल्या आठवड्यातली, ठळक अक्षरांत लिहावी. उताणे निजता येत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, हे वाक्य मराठीत लिहून घरच्यांस वाचून दाखवावे. ज्या गावी ती पुढे राहणार तेथील डॉक्टरचे नाव विचारून त्यांच्या नावे चार ओळींची चिठ्ठी द्यावी. आणि ज्यांच्या रुग्णालयांत अशा रुग्णा आल्या असतील, त्यांनी नावगाव वगळून त्यांची टिपणे, विशेषेकरून ज्यांचे निदान उशिरा झाले त्यांची, आमच्याकडे अवश्य धाडावीत. आलेल्या टिपणांस यापुढील अंकांतून क्रमाने जागा देण्यात येईल.