पथ्य तिचं, चूल मात्र सगळ्यांची

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली की घरी जाताना बाईच्या हातात एक कागद ठेवतात. काय खायचं, किती खायचं, कोणती गोळी घ्यायची नाही, पुन्हा कधी दाखवायला यायचं, ते सगळं त्यावर लिहिलेलं असतं. मी पाहिलेले बहुतेक कागद इंग्रजीत होते. त्यांवरचं प्रत्येक वाक्य ‘पाळा’ नाहीतर ‘टाळा’ या जातीचं होतं. पुढे काही बिघडलं की ऐकायला मिळणारं वाक्यही ठरलेलं: “तुम्ही पथ्य नीट पाळलं नसेल.” माझं म्हणणं एवढंच आहे की हा आरोप चुकीच्या माणसावर होतो, आणि आपण तो मुकाट्याने ऐकून घेतो.

मी रत्नागिरी जिल्ह्यात आरोग्याचं काम करते. गेल्या काही वर्षांत अशी शस्त्रक्रिया झालेल्या बायका आमच्याकडे येऊ लागल्या आहेत. मुंबईला, पुण्याला, कोल्हापूरला जाऊन त्या ऑपरेशन करून आल्या. या नट्या नव्हेत. त्यांत एक अंगणवाडी सेविका आहे, एक मासळी विकणारी आहे, एक शिक्षिका आहे, आणि लग्न जमत नाही म्हणून आईबापांनी नेलेली एक मुलगी आहे. कुणाचा मधुमेह हाताबाहेर गेलेला, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला मूल होत नाही म्हणून सासरचे पाठीस लागलेले. कुणी दागिने गहाण टाकले, कुणी पतपेढीचं कर्ज काढलं. शस्त्रक्रियेची सोय मोठ्या शहरात, आणि नंतरचं सगळं आयुष्य मात्र गावात.

या शस्त्रक्रियेत होतं काय ते आधी साध्या भाषेत समजून घेऊ. एका प्रकारात जठराचा जवळपास तीनचतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्या प्रकारात जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत खाणं कमी जातं. दुसऱ्या प्रकारात जीवनसत्त्वं आणि लोह अंगी लागणंही कमी होतं. म्हणून ही शस्त्रक्रिया टाके काढले की संपत नाही. प्रथिनं रोज मोजून खायची, लोह, कॅल्शियम, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या घ्यायच्या, रक्त तपासत राहायचं. हे जन्मभराचं काम आहे. ते कोण करणार, कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या स्वयंपाकघरात, हे त्या कागदावर कुठेच नसतं.

२०१७ सालची इमान अहमद आठवा. इजिप्तची ही बाई मालवाहू विमानाने मुंबईला आली, मार्चमध्ये सैफी रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात ती अबुधाबीला गेली आणि सप्टेंबरमध्ये तिथेच वारली. ते महिने मथळे कशाचे होते? किलोंचे. आली तेव्हा किती, आता किती, खरे किती, खोटे किती. एका जिवंत बाईचं दुखणं आणि तिची भूक त्या काट्याखाली दबून गेली. गावातही तेच चालतं. परत आलेल्या बाईला पहिला प्रश्न असतो, “किती उतरलं?” “दुखतंय का गं?” हे विचारायला कुणी येत नाही.

आता दुखण्याबद्दल. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा स्पष्ट नोंदवलं की दुखतं असं जो सांगतो, त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. आपल्याकडे बाईच्या सांगण्याचा मान किती राहतो? बाळंतपणात ओरडली तर ‘नाटकी’, पाळीत निजली तर ‘आळशी’. आणि स्वतःहून पोट कापून घेतलेली बाई कण्हली तर, “हौसेने केलंस ना, मग सोस आता.” एका बाईने मला सांगितलं, “ताई, मी दुखतंय असं म्हणायचंच सोडलं. म्हटलं की सासूबाई म्हणतात, पैसे गेले ते गेले, वर हे ऐका.”

हे सोसणं जिवावर बेतू शकतं. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत पोटात वाढत जाणारी कळ, ताप, छातीची धडधड, धाप किंवा खांद्यात दुखणं ही जोड सुटून आतलं बाहेर गळू लागल्याची खूण असू शकते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, तेव्हा उजव्या बरगडीखाली दुखतं. आतडं जोडलेल्या बाईच्या आत आतडं अडकून वर्षांनंतरही कळा येऊ शकतात. शौचाला काळं होणं, रक्ताची उलटी होणं ही व्रणाची खूण. उलट्या थांबतच नसतील तर ब-१ जीवनसत्त्व संपून तोल जातो, एकाचे दोन दिसू लागतात. यातलं काहीही झालं तर सोसत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पण जिला ‘दुखतंय’ म्हणायचीच चोरी झाली आहे, ती त्या दिवशी निघणार कशी?

दुसरीकडे, दुखणं गप्प करणारी गोळी मात्र कुणीही काढून देतो. त्या कागदावर ‘अव्हॉइड एनएसएआयडीज’ एवढंच छापलेलं असतं. हे कुणाला कळावं? त्याचा अर्थ असा, की आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण पडू शकतो. आतडं जोडलेल्या बाईने त्या जन्मभर टाळायच्या. नुसतं जठर कापलेल्या बाईनेही डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. इंजेक्शन घेतलं म्हणून धोका टळत नाही, कारण औषध रक्तातूनही तेच काम करतं. पाळीच्या दुखण्यावर बायका सर्रास घेतात ती मेफेनॅमिक अॅसिडची गोळीही याच जातीची. लावणीच्या दिवसांत कंबर धरली की दुकानातून आणायची ती पुडीही बहुधा याच जातीची. पॅरासिटामॉल सहसा चालते, पण तीही सांगितलेल्या मापातच, नाहीतर यकृत बिघडतं. आणि पाकिटावर पॅरासिटामॉल लिहिलेल्या कित्येक गोळ्यांत जोडीला दुसरं औषध असतं. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरला विचारायचं.

एवढं सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत, नावांसकट लिहून द्यायला एका पानापेक्षा जास्त जागा लागत नाही. लाखोंचं बिल छापणाऱ्या रुग्णालयाला हे एक पान छापता येत नाही, यावर मी विश्वास ठेवायचा? आणि नुसतं ‘टाळा’ म्हणून भागतं का? पाळीत दुखलं तर काय घ्यायचं, गुडघे दुखले तर काय करायचं, रात्री दोन वाजता कळ आली तर फोन कुणाला करायचा, हे न सांगता गोळी टाळायला सांगणं म्हणजे बाईला सोसायला सांगणंच आहे.

आता खाण्याबद्दल. सुरुवातीला पातळ, मग दाट पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ, असं करत साधारण दोन महिन्यांनी ती नेहमीच्या जेवणावर येते. थोडं थोडं, चावून चावून, सावकाश. जेवताना पाणी नाही. पाणी मधल्या वेळात घोट घोट. प्रथिनं दिवसाला निदान साठ ग्रॅम. कागदावर हे सोपं दिसतं. आता आपल्या घरातली बाई डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांना वाढून, पोरांना भरवून, उरलंसुरलं घेऊन ती शेवटी बसते. तिने सावकाश जेवायचं कधी? मोरीवर भांडी वाट बघताहेत. आजाऱ्याला आपल्याकडे पेज देतात. पेज पोटाला हलकी खरी, पण तिच्यात प्रथिनं नावापुरती. तिला हवं मुगाचं, कुळथाचं कढण, ताक, अंडं, काटे काढलेला मऊ उकडलेला मासा. पण माशाची मोठी तुकडी कुणाच्या ताटात जाते, हे मी सांगायला नको. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मासळी महागते, तेव्हा तर तिच्या वाट्याला कालवणाचं पाणी येतं.

वर उपासतापास. श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नाही. शस्त्रक्रिया झालेल्या बाईने त्यावर दिवस काढणं म्हणजे स्वतःचेच स्नायू खाणं. मे महिन्यात पाहुण्यांपुढे आमरस. आतडं जोडलेल्या बाईने वाटीभर गोड रस घेतला तर घाम, धडधड, जुलाब सुरू होऊ शकतात. नाही म्हटलं तर, “काय गो, चार घासांत उठलीस? आमच्या घरचं गोड लागत नाय?” म्हणजे खाल्लं तरी दोष तिचा, न खाल्लं तरी दोष तिचाच.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या, आणि साधारण चौथा हिस्सा बायकांचं वजन प्रमाणाबाहेर. एकाच बाईत या दोन्ही गोष्टी असू शकतात. जाड बाई म्हणजे खाऊनपिऊन सुखी बाई, हा समज खोटा आहे. स्वस्त भात, तेल आणि साखर यांवर वाढलेल्या अंगात लोहाचा दुष्काळ असतो. त्यात लोह अंगी लागू न देणारी शस्त्रक्रिया आणि दर महिन्याची पाळी. गोळ्या थांबल्या की ती खचते. आणि घरात पैशाची ओढाताण झाली की पहिल्या थांबतात त्या बाईच्याच गोळ्या.

आता दोन आक्षेप. पहिला बाहेरचा: “कुणी जबरदस्ती केली होती?” लग्न मोडतं, मूल होत नाही म्हणून टोमणे बसतात, कामावर हसतात, ही जबरदस्ती नव्हे तर काय? आणि तिने पूर्ण समजून-उमजून निर्णय घेतला असला तरी दुखण्यावर उपचार मागायचा तिचा हक्क कमी होत नाही. ट्रॅक्टर उलटून पाय मोडलेल्या पुरुषाला, “बसायला कुणी सांगितलं होतं,” असं म्हणून आपण परत पाठवत नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे, आणि तो मला जास्त बोचतो. काही मैत्रिणी म्हणतात, बारीक दिसण्याचा हा सोस पुरुषी नजरेचा आहे, या बाजाराला आपण कशाला साथ द्यायची? बाजाराबद्दल त्यांचं खरं आहे. बाईच्या पोटाला सुरी लावण्याची घाई आपल्या राज्याने बीडमध्ये पाहिली. २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे आलं की पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या होत्या. तेव्हा आपण त्या बायकांना, “तुम्ही का काढून घेतली?” असं विचारलं नाही. आपण व्यवस्थेला विचारलं, आणि बायकांच्या बाजूने उभ्या राहिलो. मग इथेच न्याय वेगळा का? शिवाय मधुमेहाने डोळे जाण्याच्या बेतात असलेल्या बाईला ही शस्त्रक्रिया खरोखर आधार देते. तिच्या शरीरावर तिचा हक्क आपण मानतो, तर तो टाके पडल्यानंतरही मानला पाहिजे.

म्हणून आपण काय मागायचं? पहिलं, शस्त्रक्रियेआधी आणि नंतर सगळी माहिती मराठीत, लेखी, औषधांच्या नावांसकट. महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेने रुग्णहक्कांची सनद आली; माहिती मिळणं हा त्यातला हक्क आहे. आपले कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, हा नियम २००२ पासून डॉक्टरांच्या आचारसंहितेत आहे. दुसरं, समुपदेशनाला नवरा आणि घरात जो वाढतो-ठरवतो तो हजर हवा. पथ्य घराने पाळायचं असतं. तिसरं, गर्भधारणेबद्दल स्पष्ट बोलणं. शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत, आणि आतडं जोडल्यावर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. मूल व्हावं म्हणून सुनेला नेणाऱ्या किती घरांना हे सांगितलं जातं? चौथं, रक्ततपासणी आणि गोळ्यांची सोय जिल्ह्यात, सरकारी दवाखान्यात. दर तीन महिन्यांनी मुंबईचं तिकीट काढणं हे पथ्यात बसत नाही. पाचवं, शस्त्रक्रियेचे पैसे देणाऱ्या विमा कंपन्यांनी नंतरच्या गोळ्या-तपासण्यांचेही द्यावेत.

आणि आपण स्वतः? बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला, एसटीच्या थांब्यावर अशी बाई भेटली तर किती किलो उतरले ते विचारू नका. दुखतं का, जेवलीस का, गोळ्या आहेत का, एवढं विचारा. आणि तिने सांगितलं तर विश्वास ठेवा.