गृहसंवाद : खेपेवर गेलेले वडील



आमच्या बिऱ्हाडाच्या वरच्या मजल्यावर एक मालमोटारचालक राहतात. महिन्यातून दोनदा, कधी एकदाच, ते घरी येतात. मागे एकदा ते सोळा दिवसांच्या खेपेहून परतले, तेव्हा मी जिन्यातच उभा होतो. त्यांची सहा वर्षांची मुलगी धावत दाराशी आली, क्षणभर आईच्या पदराआड थांबली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "बाबा, तुम्ही परत कधी जाणार?" वडिलांचा चेहरा उतरला. हातातील पिशवी खाली ठेवून ते काही न बोलता आत गेले. रात्री जेवणानंतर ते मला म्हणाले, "लेकरू माझ्या जाण्याचीच वाट बघतं, साहेब."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी उलगडा केला. मुलीला वडील नकोसे झाले नव्हते. आपल्या वाट्याला त्यांचे किती दिवस आले आहेत, एवढेच तिला मोजून घ्यावयाचे होते. ज्याच्याजवळ थोडेच पैसे असतात तो ते पुन्हा पुन्हा मोजतो, त्यातलाच हा प्रकार. हा प्रसंग मनात घोळत राहिला, म्हणून या वेळी दूर गेलेल्या माणसाशी घराचे नाते कसे टिकवावे याविषयी आपल्याशी बोलावे असे वाटले.

आपल्या ताटातील बहुतेक जिन्नस कोणातरी चालकाच्या जागरणातून आलेला असतो. नाशिकचा कांदा कोलकात्यास जातो तो धुळे, अकोला, नागपूर, रायपूर, संबळपूर अशी गावे ओलांडीत, सुमारे १,८०० किलोमीटरांचा पल्ला गाठीत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्याने पथकरासाठी लागणाऱ्या रांगाही आखूड झाल्या. तरीसुद्धा चालकाचे दिवस त्याच्या स्वाधीन नसतात. माल भरण्यासाठी एखाद्या गोदामापुढे दिवसभर उभे राहावे, उतरविण्यासाठी दुसरीकडे रात्र काढावी आणि परतीचे भाडे मिळेपर्यंत परक्या गावात ताडपत्रीच्या सावलीत बसावे, हे अद्याप चुकलेले नाही. मात्र खोटी होण्याचे हे तास निरुपयोगी मानण्याचे कारण नाही. किंबहुना घराशी निवांत बोलण्याचे खरे तास हेच होत.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आला आहे. त्यामुळे दुरावा मिटला, असे आपण सहज म्हणतो. परंतु फोनने एक नवे संकटही आणले आहे. घरच्या माणसाला वाटेल तेव्हा फोन करता येतो आणि चालकाला तो उचलल्यावाचून राहवत नाही. घाटात उतार लागलेला असतो, मागे पंधरा-वीस टनांचा भार असतो आणि कानाशी घरातील तक्रार असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने गाडी हाकताना हातातील फोन वापरणे हे धोकादायक चालविण्यातच स्पष्टपणे गणले आहे. कायद्याचा धाक बाजूस ठेवला, तरी आपल्याच प्रेमाच्या हाकेने आपल्या माणसाचे लक्ष रस्त्यावरून उडावे, यासारखे दुर्दैव नाही. म्हणून घरात एक साधा नियम असावा. फोन चालकाने करावा, घरातून करू नये. तोही गाडी उभी केल्यावर, दिवसातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वेळी. तातडीचे काही निघाले तर घरून एक निरोप लिहून पाठवावा. गाडी थांबली की तो वाचील आणि फोन करील.

याला जोडून आणखी एक गोष्ट. घरातील आजारपण किंवा भांडण दूरच्या माणसापासून लपवू नये. लपविलेली गोष्ट पुढे कळते आणि मग प्रत्येक "सर्व ठीक आहे" या शब्दांवरचा त्याचा विश्वास उडतो. परंतु अप्रिय बातमी सांगण्यापूर्वी "गाडी उभी आहे ना?" हे अवश्य विचारावे.

आपण सर्वजण एक प्रश्न हटकून विचारतो, "कधी पोचणार?" तो प्रेमापोटी विचारला जातो, यात शंका नाही. तथापि त्याने काय होते ते पाहा. चालक शब्द देऊन बसतो, "उद्या सकाळी." मग वाटेत टायर फुटतो, पाऊस लागतो, दोन तास जातात आणि दिलेला शब्द पाळण्यासाठी तो झोपेचे दोन तास कापतो. आमच्या शेजाऱ्यांनीच मला सांगितले की, भरलेल्या गाडीपेक्षा घराकडे वळलेली गाडी त्यांना अधिक भिववते, कारण तेव्हा पाय ऐकत नाही. १९६१ साली आपल्या संसदेने मोटार परिवहन कामगार कायदा केला, तेव्हा सामान्यतः दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, अशी मर्यादा त्यात घातली होती. कायद्यांची नावे व कलमे काळानुसार बदलतात. शरीराचा कायदा मात्र बदलत नाही. तेव्हा गृहिणींना माझी विनंती आहे की, "कधी पोचणार?" याऐवजी "काल कुठे झोपलात, किती झोपलात?" असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी माणूस झोपू लागतो.

पूर्वी दूरचा कमावता पुरुष मनीऑर्डर पाठवी. त्या फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी थोडीशी जागा असे. "आईच्या औषधास हयगय करू नये, बाळ्याने अभ्यास करावा," एवढेच दोन शब्द. परंतु पोस्टमन ते वाचून दाखवी आणि पैशांबरोबर माणूसही घरात आल्यासारखे वाटे. आज पैसे क्षणात खात्यात जमा होतात, निरोपाची जागा मात्र बहुधा रिकामी राहते. ती भरावी. महिन्यातून एकदा आंतरदेशीय पत्रही लिहावे. ते पोस्टात आजही मिळते. लहान मुलाला फोनवरचा आवाज पुन्हा ऐकता येत नाही, परंतु वडिलांच्या हातचे पत्र उशीखाली ठेवता येते.

घरात भारताचा एक नकाशा लावावा. वडील ज्या गावी मुक्काम करतील त्या गावावर मुलांनी टाचणी टोचावी. तेथे कोणती भाषा बोलतात, काय पिकते, आज जेवायला काय मिळाले, हे वडिलांनी सांगावे. ज्याचे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे अशा चालकालाही आपल्या देशाचा जो भूगोल ठाऊक असतो तो पुष्कळ पदवीधरांना नसतो. तो मुलाला शिकविताना त्याला आपल्या व्यवसायाचा संकोच वाटणार नाही आणि मुलालाही.

अखेरची गोष्ट घरी परतल्यानंतरची. पंधरा दिवस घराचा सर्व कारभार पत्नीने एकटीने पाहिलेला असतो. शाळेची फी, सासूबाईंचा दवाखाना, गळणारे छप्पर, सारे निर्णय तिचेच. घरात पाऊल टाकताच ते मोडीत काढू नयेत. पहिला दिवस चालकाने झोपावे व घराने त्याला झोपू द्यावे. दुसऱ्या दिवशी हिशेब ऐकावा, तिसऱ्या दिवशी मत द्यावे. मुलांना धाक दाखविण्यासाठी "बाबा येऊ देत, मग सांगते" असे आईने म्हणू नये. नाही तर मुले वडिलांची नव्हे, शिक्षेची वाट पाहू लागतात.

वरच्या मजल्यावरील त्या घरात आता एक बदल झाला आहे. वडील दाराशी आले की मुलीने विचारण्याआधीच तेच सांगतात, "चार दिवस आहे हं." मग ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चार खुणा करते आणि खेळायला पळते. पूर्वी ते चार दिवस वडिलांना कमी वाटत आणि मुलीला ते किती आहेत हेच ठाऊक नसे. दिवस वाढलेले नाहीत, परंतु ते आता दोघांनाही सारखेच ठाऊक असतात.

आपल्यापैकी ज्यांच्या घरचे कोणी असे खेपेवर असते, त्यांनी आपले अनुभव अवश्य कळवावेत.