घाणा, डबा आणि कढई

१/ तळणीच्या तेलाविषयी नागपुरात दोन श्रद्धा नांदतात. एक म्हणते, पूर्वज घाण्याचे तेल खात म्हणून धडधाकट होते. दुसरी म्हणते, डब्यावर हृदयाचे चित्र असले की तेल निर्धोक. दोन्ही भाबड्या आहेत, कारण दोन्हींची नजर कढईपर्यंत पोहोचतच नाही.

२/ आधी घाणा. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला. कुमारप्पांच्या त्या संस्थेत झवेरभाई पटेलांनी बैलघाण्यात सुधारणा केल्या. खेड्यातला तेली जगावा आणि पेंड गावच्या गुरांना मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. त्या घाण्यावर आजच्या दुप्पट भावाच्या बाटल्या खपवणाऱ्यांनी एवढे तरी आठवावे.

३/ विदर्भाचे खरे वैभव जवस. सावजी रश्श्याची जुनी ओळखच जवसाच्या तेलाची. त्यात ओमेगा-३ मेदाम्ले निम्म्याहून अधिक असतात आणि नेमकी तीच उष्णतेने व हवेने लवकर बिघडतात. याच गुणामुळे हे तेल रंग-वार्निशात चालते. चटणीत ते अमृत. भज्यांच्या कढईत तासन्‌तास उकळले तर नव्हे. ‘पारंपरिक’ या एका शब्दाने रसायनशास्त्र बदलत नाही.

४/ मग डबा. १९३७ साली ‘डालडा’ आला. तेलात हायड्रोजन मिसळून ते थिजवण्याच्या त्या प्रक्रियेत ट्रान्स मेदाम्ले तयार होतात आणि ती हृदयाला घातक ठरतात. तेला-तुपांतील या मेदाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा लागू झाली ती २०२२ च्या जानेवारीत. मध्ये पंच्याऐंशी वर्षे गेली. एवढ्या काळात किती लग्नपंक्ती उठल्या असतील!

५/ १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. तळणारा स्वस्ताकडे वळला, यात त्याचा दोष नाही. पामतेल कढईत चांगले टिकते, हेही मान्य करावे. परंतु त्याच्या मूळ तेलात जवळपास निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात. याउलट सूर्यफूल आणि सोयाबीन कागदावर ‘हलके’ दिसतात आणि पुन्हा पुन्हा तापवल्यावर अधिक वेगाने बिघडतात. ‘लाइट’ हा जाहिरातीचा शब्द आहे. उष्मांक प्रत्येक तेलात ग्रॅममागे नऊच.

६/ घरच्या तळणीसाठी शेंगदाण्याचे तेल या सगळ्यांत समजूतदार निवड ठरते. ओलिक आम्लाचे प्रमाण चांगले, चव ओळखीची. मात्र दाणे बुरशीचे असतील तर कच्च्या घाणीच्या तेलात अफ्लाटॉक्सिन उतरू शकते. ‘शुद्ध’ म्हणवणाऱ्याला म्हणूनच दाणे कुठले आणि कसे साठवलेले, हे विचारावे. यात संकोच कसला?

७/ आता मूळ तंटा. तेल कोणतेही असो, त्याच कढईत पुन्हा पुन्हा तापले की त्यात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ साचतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली. त्यापुढे ते तेल वापरायचे नाही. नियम उत्तम. परंतु तळणीच्या तेलाची नोंदवही ठेवण्याची सक्ती रोज ५० लिटरांहून अधिक तेल वापरणाऱ्यांनाच.

८/ म्हणजे नोंद मोठ्या कारखान्याची आणि पोट गाडीवर खाणाऱ्याचे. सकाळी तर्री-पोहे, दुपारी समोसा हेच ज्याचे जेवण, त्या हमालाने, रिक्षाचालकाने कढईतल्या तेलाचा काळा रंग आणि फेस पाहून स्वतःच निवाडा करायचा. हृदयाच्या चित्राचा डबा परवडणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. वादविवाद मात्र सगळा त्याच्याच डब्याभोवती.

९/ १९४२ पासून याच शहरात लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आहे आणि तेल-तंत्रज्ञान हा तिथला नावाजलेला विषय. पोलर घटक मोजणारी यंत्रे हातात मावतात. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्याची सरकारी योजनाही २०१८ पासून आहे. विद्या आहे, यंत्र आहे, नियम आहे. फक्त गाडीवरचे उरलेले दोन लिटर योग्य भावात उचलायला कोणी येत नाही, म्हणून ते संध्याकाळी पुन्हा कढईत पडते.